पात्रपरिचयात नसलेली ओळ

कृत्तिका. वय सोळा. खट्याळ, बडबडी, घरातलं चैतन्य.
एवढंच आहे चॅनेलच्या कागदावर.
खाली एक ओळ माझी होती –
धाकटा भाऊ गेलेला, मालिका सुरू होण्याआधी –
ती मीटिंगमध्ये खोडली.
आठच्या स्लॉटला लोक जेवत असतात, म्हणाले.
घास अडकेल असं काही नको.

मी खोडू दिली.
संवादलेखिकेला एपिसोडमागे पैसे मिळतात,
हट्टामागे नाही.

पण गेलेलं मूल खोडलं जात नाही,
ते नुसतं सरकतं, संवादातून कंसात.
(कृत्तिका हसत आत येते. दाराची कडी लावते. पुन्हा बघते.)
(कृत्तिका केक कापते. कडीकडे बघते.)
(कृत्तिका मैत्रिणीशी भांडून तरातरा निघते,
जिन्यातून परत येते. कडी.)
दोनशे बारा भाग.
दिग्दर्शकाला वाटतं, मी पानं भरते.
एडिटर तेवढंच कापतो. चार सेकंद वाचतात,
चार सेकंदांत साबणाची अर्धी जाहिरात बसते.

दिशा भोईर करते कृत्तिका.
कळव्याची. अकरावी कॉमर्स.
मढच्या बंगल्यावर मेकअपच्या खुर्चीत
अकाउंट्सची वही मांडीवर.
परवा लंच ब्रेकला डबा घेऊन शेजारी बसली,
तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी,
म्हणाली, ताई, एक विचारू?
ही कडी दोन-दोनदा का बघते?
म्हटलं, सवय असते एकेकीला.
ती भाकरी मोडत राहिली.
मग म्हणाली, सवय नाही.
त्या दिवशी हिनेच उघडी ठेवली होती.
आणि कुणी विचारलंच नाही हिला.
म्हणून तर एवढी बडबडते,
विचारायला जागाच ठेवत नाही.

बाहेर जनरेटर धडधडत होता.
मी म्हटलं, भाकरी छान झालीय.

चारकोप. बैठ्या घरांची रांग.
मी अकरा वर्षांची, निनाद अडीच.
आई शिवलेले ब्लाउज द्यायला गेलेली,
तो झोपलेला,
आणि वैद्यांकडे रंगीत टीव्ही.
पंधरा मिनिटं म्हणून गेले.
कडी उंचावर होती. त्याचा हात पोचला नसता.
लावली असती तर.

कोपऱ्यातल्या टाकीचं झाकण कुणी उघडं ठेवलं
यावर सोसायटीच्या दोन सभा झाल्या.
दाराबद्दल आई एकदाच बोलली,
सगळ्यांसमोर, माझ्याकडे न बघता –
वाऱ्याने उघडलं असेल.

मे महिना होता. आंब्याचं पान हलत नव्हतं.

तेव्हापासून घरात मी फार हसवायचे सगळ्यांना.
नकला करायचे. वैद्यकाकूंची, दूधवाल्याची.
आई हसायची, पदर तोंडाला लावून,
आणि पदर जरा उशिराच खाली यायचा.

मंगळवारी दिशाने कडी लावली
आणि पुन्हा बघितलंच नाही.
दाराला पाठ टेकून उभी राहिली,
चेहऱ्यावर हसू तसंच,
गॅसवर कुणी काही विसरून जावं तसं.
हे मी लिहिलं नव्हतं.
एडिटर कापायला विसरला,
किंवा त्याच्याही घरी असेल एखादं दार.

आज आठ वाजता आई बघत होती.
ताटात मऊ भात, मेतकूट.
घास हातातच राहिला तिचा.
म्हणाली, हिच्या आईला माहीत असणार.

मी पडद्याकडे बघत राहिले.
ती ताटाकडे.

मग जाहिरात लागली. साबण.
तिने भात पुन्हा कालवायला घेतला,
म्हणाली, वारं म्हणून नाही आज.
पंखा वाढव जरा.

मी उठले. पाचवर केला.