भिंत उघडणाऱ्यास

जिप्समची फळी ठोकायच्या आधी
सुताराच्या पेन्सिलीने या उभ्या लाकडावर लिहून ठेवतेय.
तू कोण, मला माहीत नाही.
हातात करवत असेल तर आधी खाली ठेव.
नळ्या जमिनीपासून सहाशे मिलिमीटरवर आडव्या गेल्यात,
वरची गरम, खालची गार,
आणि न्हाणीघराच्या खिडकीखाली
एक वळण आहे, जे नकाशात नाही.
नकाशा मीच काढला होता, थंडीत, हातमोजे घालून.

मुख्य कॉक जिन्याखाली, बुटांच्या मागे.
कडक आहे. जोर करू नकोस.
आधी किंचित उघडल्यासारखा कर, मग बंद कर.

मैलापाण्याच्या पाइपला मीटरमागे इंचभर ढाळ दिलाय.
मी दुप्पट देणार होते, म्हटलं लवकर जाईल.
टॉर्किल हसला.
"फार उतार दिलास तर पाणी एकटंच पळतं, केनीना,
आणि ज्याला न्यायला आलं होतं, त्याला मागे टाकून जातं."
पाणसळीच्या एका टोकाखाली इंचाचा ठोकळा सरकवून
बुडबुडा मधोमध येईस्तोवर तो गुडघ्यांवर बसून राहिला.
त्र्याऐंशी वर्षांचे गुडघे, ओल्या सिमेंटवर.

लुईस बेटाच्या या किनाऱ्यावर
ज्या ज्या घरात नळ सोडला की पाणी येतं
तिथे कुठेतरी त्याचा डाख आहे.
मी फेरीबोटीवर तिकिटं तपासते,
सुट्ट्या साठवून भिंती उभ्या केल्या.
तो न बोलावता आला, स्वतःचा ब्लोलॅम्प घेऊन.

हात थरथरतो त्याचा आता.
ज्योत नळीभोवती भटकते, नळीवर ठरत नाही.
मी पाहिलं, आणि पक्कड पुसत बसले.

दाबाची चाचणी फळ्या लावायच्या आधी घे.
नंतर घेतली तर ती चाचणी नव्हे, नवस.
पंपाने काटा दहावर नेला होता.
रात्री अकराला पाहते तर साडेआठ.
टॉर्च आणि कोरडा कागद घेऊन
एकेका सांध्याला हात फिरवत गेले.
खिडकीखालच्या एल्बोवर
कागद मसुराएवढा भिजला.
त्याचाच सांधा.

ओल्या नळीला डाख धरत नाही.
एक थेंब जरी आतून येत राहिला
तरी सगळी आच तोच खाऊन टाकतो.
यावरचा उपायही टॉर्किलनेच शिकवलेला:
पांढऱ्या पावाचा गर मळून नळीत कोंब.
तेवढा वेळ तो थेंब अडवतो,
पाणी सोडलं की विरघळून जातो.
कडा मात्र नको.
डब्यात अर्धं सँडविच उरलं होतं.
चीज मी खाल्लं, पाव नळीने.
रात्री दोनला चांदीची रेघ
सांध्याभोवती सरसर फिरली आणि मिटली.
जुना एल्बो पीटच्या ढिगात खोल पुरला.

सकाळी काटा दहावर.
टॉर्किलने चष्मा पुसून दोनदा पाहिला.
"अजून जमतंय म्हणायचं."
"जमतंय की," मी म्हणाले.

मग तात्पुरता लावलेला नळ उघडला.
आधी खोकला, मग तांबूस पाणी,
मग धार बारीक होत होत करंगळीएवढी.
त्याने नळाची जाळी फिरवून काढली,
नखाने खरवडली, खिडकीशी धरली.
पावाचा चुरा.

आख्ख्या कामात त्याने पाव वापरला नव्हता.

बराच वेळ तो जाळी फुंकत राहिला,
चुरा उडून गेल्यावरही.
मग हातानेच ती परत बसवली.
"कडा काढल्या होत्यास ना?"
"हो."
"मग ठीक आहे."
आणि चहा मागितला, साखर तीन चमचे.

तर खिडकीखालचा तो एल्बो.
त्याला हात लावू नकोस, चांगला आहे.
कुणी केला विचारलंस, तर टॉर्किलने.

नळाच्या जाळ्या वर्षातून एकदा काढून धुवत जा.
आणखी सांगायचं होतं,
पण खाली लाकडात गाठ आहे,
पेन्सिल चालत नाही.