मीठ

त्या दिवशी संकष्टी होती म्हणून मी वाचले,
असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

जयवंत रानातून आला तेव्हा त्याच्या टोपीत
गंजलेल्या खिळ्यांच्या रंगाची,
देठांना पाइनच्या सुया चिकटलेली.
"अगं, रोवणं! पिटलॉक्रीत रोवणं!"
देवगडच्या पोराला अळंबी कोण शिकवणार?
वारुळाजवळची कुठली, कुजक्या ओंडक्यावरची कुठली,
कुठली गुरंही हुंगत नाहीत,
सगळं तोंडपाठ.
ह्या मातीला मात्र देवगड माहीत नव्हतं.

मीच चिरली. मीच परतली,
कांदा, फ्रीझरमधलं खोबरं, दोन तिरफळं.
वास छान होता. हे सांगायलाच हवं.

चंद्र ढगात. कॅलेंडरवर वेळ पुण्याची.
मी मागच्या दारात शाल घेऊन उभी,
तो म्हणाला, "तुझा चंद्र आज रजेवर आहे,"
आणि कढई पावाने पुसून खाल्ली.
नऊला चंद्र निघाला. मी वरणभात जेवले.

मग काहीच नाही.
मंगळवार, बुधवार, त्याने कुंपण रंगवलं.
नवव्या दिवशी तहान लागली.
रात्रभर नळ चालू,
पाणी आत जात होतं, बाहेर येत नव्हतं.

"गेल्या पंधरवड्यात काय काय खाल्लं?"
डॉक्टर मॅकायनी विचारलं.
पंधरवडा!
आपण एका रात्रीचा हिशोब ठेवतो,
पहाटेपर्यंत उलटी नाही म्हणजे सुटलो.
विष असं चपला काढून, पाय धुऊन घरात येतं
आणि आठवडाभर काही बोलत नाही,
हे कुणी सांगितलं होतं?

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार पर्थ.
चार तास रक्त यंत्रात जाऊन येतं,
तो शब्दकोडं सोडवतो, डाव्या हाताने, वेडंवाकडं.
बटाटे दोनदा उकळायचे. खोबरं बंद.
दिवसाचं पाणी एका बाटलीत, खूण करून.
बस नदीकाठानेच जाते.
तो बाहेर बघत नाही.

माझं मूत्रपिंड जुळतंय. कागद टेबलावर आहेत,
त्यांवर तो चहाचा कप ठेवतो, अर्धा.
शेजारची इशबेल म्हणते, वेळ द्या त्याला.

काल बसमध्ये अखेर विचारलंच.
उपास होता, मला चाखता आली नव्हती,
भाजीत मीठ बरोबर पडलं होतं का?

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "जरा कमी होतं."