राजाचा सदरा

रँसमध्ये राज्याभिषेक उरकला
की राजाचा सदरा जाळून टाकतात.
पवित्र तेल लागलेलं कापड
धोबिणीच्या हाती जाऊ नये म्हणून.

पेरिनला हे सासूनं सांगितलेलं,
वेल नदीच्या काठी, बोटं काळीनिळी पडलेली असताना.

तिच्याकडे येतात
आर्चबिशपांच्या वाइन सांडलेल्या चादरी,
गायकपोरांच्या शेंबूड पुसलेल्या बाह्या,
एकदा एका पाद्र्याचा झगा आला, त्यावर रक्त.
कुणाचं, तिनं विचारलं नाही.
राखेच्या पाण्यात भिजवलं,
दगडावर आपटलं.
निघालं.

आज पहाटेपासून घंटा थांबत नाहीत.
आता कॅथेड्रलच्या मागून धूर वर चाललाय,
बारीकसा,
चुलीचा असावा तसा.

पेरिन पिळता पिळता थांबते.
एवढंसं तर तेल.
मी काढलं असतं.