प्र. इ. अ.

बाबांच्या डायऱ्या एका शिपिंग कंपनीच्या,
दरवर्षी फुकट मिळणाऱ्या, मरून पुठ्ठ्याच्या.
एकतीस वर्षं थिओफिल रणपिसे, टॅली क्लार्क,
दिवसा गोदीत मोजायचे दुसऱ्यांच्या पेट्या
आणि रात्री माझगावच्या खोलीत
आपले पुढचे दिवस.

नोंदीच्या शेवटी तीन अक्षरं, टाचणी टोचल्यासारखी:
‘सोमवार. रिबेकाला जेजेत दाखवणे. प्र. इ. अ.’
‘मे महिन्यात नगरला. प्र. इ. अ.’
‘वसईचा प्लॉट, दुसरा हप्ता. प्र. इ. अ.’
प्रभूची इच्छा असल्यास.
लहानपणी मला वाटायचं, हे गोदीतल्या साहेबाचं नाव,
ज्याच्या सहीशिवाय गेटबाहेर काहीच सुटत नाही.

प्लॉट कागदावरच राहिला.
आम्ही दोनदा जाऊन नुसतं खाजण बघून आलो.
आईला सोमवारी दाखवायचं होतं, ती रविवारी गेली,
उपासना सुटताना, पायरीवर,
एक पाय चपलेत घालून.
त्या रात्रीही बाबांनी डायरी उघडली.
पेन टेकलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला,
ओळ काही आली नाही.
तिसऱ्या दिवशी मात्र:
‘दूधवाल्याची बाकी देणे. प्र. इ. अ.’

मी चिडले. म्हणाले, विचारता कशाला,
तो करणार आपलंच.
बाबा म्हणाले, विचारत नाही गं.
दाराला कडी लावत नाही, एवढंच.

आता मी पालिकेत नकाशे काढते.
वीस वर्षांनंतरची मुंबई माझ्या टेबलावर मावते:
पिवळं निवासी, निळं व्यापारी,
हिरवं मैदान, जिथे आज तीनशे घरं आहेत
आणि एक पिठाची गिरणी.
काल हरकत घेऊन भानुमती वैती आल्या,
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.
नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या,
ही रेघ माझ्या मोरीतून जाते.
वरनं आलंय का हे?
त्यांना मंत्रालय म्हणायचं होतं.
मला क्षणभर उत्तर सुचेना.

शास्त्रातली माणसं मला आमच्याच खात्यातली वाटतात.
आभाळापर्यंत मजले मंजूर करून घेणारी.
पूर्वेला जा म्हटल्यावर पश्चिमेचं तिकीट काढणारी.
भावाला खड्ड्यात टाकून,
चला, त्याची स्वप्नं संपली, म्हणत
काठावर भाकर सोडून बसलेली.
आणि तो त्यांच्या वाकड्या रेघा खोडत नाही,
तिथूनच रस्ता नेतो, थेट खड्ड्यातून.
मला हे अजून आवडलेलं नाही.
खरं असावं.

नकाशा गुरुवारी सहीला जायचा आहे.
कोपऱ्यात, उत्तरेच्या बाणाखाली
तीन अक्षरांपुरती जागा उरते.
खात्यात अशी खूण नाही.
मी पेन्सिलीला टोक काढते, पुन्हा काढते.

बाबांना शिवडीला ठेवून वर्ष होईल.
सगळ्या डायऱ्या चाळल्या. एकतीस वर्षांत
एकच नोंद सापडली ती अक्षरं नसलेली:
‘संध्याकाळी सुरमई आणणे.’
विसरले असतील, किंवा
मासळीबाबत त्यांना शंका नसेल.

आणली होती. मला आठवते.
आई असतानाची गोष्ट.
तुकडी मोठी होती,
काटा काढून त्यांनी ती माझ्या ताटात सरकवली
आणि खायच्या आधी
नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ डोळे मिटले.