न फिरवल्यामुळे

पहिला गेला तो शब्द अगदी साधा.
चहा गाळायचा होता, आणि मी ओट्यापाशी
हात पुढे करून उभा:
"ते दे गं... ते भोकांचं."
क्रियापद शाबूत, नाम बेपत्ता.
हेमलता हसली. मीही हसलो.
हसताना एकमेकांकडे पाहिलं नाही.

एकतीस वर्षं हिद्दच्या गोदीत मी भांडारपाल.
कुठला व्हॉल्व्ह कुठल्या रॅकवर, कितव्या खणात,
रजिस्टर न उघडता सांगायचो.
फिलिपिनो पोरं पैजा लावायची माझ्यावर,
जिंकायची.
आणि आता चहाचं ते.

सलमानियाच्या दवाखान्यात डॉक्टर मरवा
पडद्यावर माझंच डोकं मला दाखवतात,
करड्या ढगात पेनाचं टोक:
"हा एवढासा. आठवणी याच्याकडून आत जातात.
आकारावरून नाव पडलं, समुद्रघोडा.
थोडा रोडावलाय."
औषध विचारलं तर त्या
टेबलाखाली वाकून माझ्या चपलांकडे बघतात.
"बूट घ्या. रोज चाळीस मिनिटं.
धाप लागावी, पण बोलता यावं."

टॅक्सीत हेमलता पुलापर्यंत गप्प.
मग एकदम, शाळेत विचारतात तसं:
"भाकरी का करपली?
पान का सडलं?
घोडा का अडला?"
मला उत्तर येत होतं.
येत होतं, म्हणूनच खिडकीकडे तोंड केलं.

जुलैत इथे बाहेर चालायची सोय नाही,
दारातून पाऊल टाकलं की चष्मा आंधळा.
म्हणून सकाळी साडेसातला मॉलमध्ये,
शटरं खाली, फरशी नुकती पुसलेली,
अंधारात उभ्या बिनडोक्याच्या बाहुल्या
(त्यांना काही विसरायचं नाही).
रखवालदार शाजन काच सरकवून विचारतो, "अंकल, आज किती?"
पहिल्या आठवड्यात तीन. पोटऱ्यांत गोळे,
आणि अत्तराच्या दुकानापाशी बाकावर
बसलो तो उठवेना.

तिथेच भेटला अबू ईसा.
पांढऱ्या झग्याखाली भगवे बूट,
हातातल्या माळेवर फेऱ्या मोजणारा.
त्याचा आजा मोत्यांसाठी बुड्या मारायचा.
मी त्याला माझ्या घोड्याचं सांगितलं.
तो इतका हसला की माळेवरचा आकडा चुकला.
"अरे, ओहोटीला गवतात सापडायचे आम्हाला!
शेपटीनं एक काडी धरून बसतात.
लाट येते, वाकतात, सोडत नाहीत."
मग माझा दंड धरून: "चल. तुझ्यामुळे माझी फेरी बुडाली."

आता फेब्रुवारी. मुहर्रकच्या किनाऱ्यावर
वारा समोरून, हेमलता दोन पावलं पुढे.
परवा डॉक्टर म्हणाल्या, "वाढला नाही.
पण गेल्या वेळेपेक्षा कमीही नाही."
आम्ही त्यावर हलवा आणला, केशराचा.
काल भाच्याचं नाव गेलं ते
रात्री दात घासताना सापडलं.
असं चालू आहे.

आज चौथ्या दिव्याच्या खांबापाशी, ध्यानीमनी नसताना,
तोंडातून निघालं:
"रॅक सतरा, खण चार, दोन इंची गेट व्हॉल्व्ह!"
एक मांजर दचकून खडकांत गेलं.
हेमलता वळली, घामेजली, खट्याळ:
"आणि चहाचं ते?"

"थांबू नकोस," म्हटलं,
"येतंय मागून."