सुन्निवाच्या कच्च्या खर्ड्यावर

सुन्निवा, तुझा कागद परत करतेय.
लाल शाई नाही, पेन्सिल आहे.
पटलं नाही तर खोडून टाक.

'अप्रतिम' चार वेळा आलंय,
'मनाला भिडणारं' दोनदा,
आणि शेवटी साडेचार तारे.
उरलेला अर्धा कुणी खाल्ला,
त्याचा पत्ता कुठेच नाही.

अल्बमचं नाव, साल, गाणी किती, रेकॉर्ड कुठे झाली,
एवढं पहिल्या चार ओळींत उरक.
'मिठाची खोली'. नऊ गाणी. क्लाक्सविकच्या धक्क्यावरचं
मासळीचं जुनं गोदाम,
भिंतीला बोट लावून चाटलं तर अजून खारट लागतं.
हे तू लिहिलं नाहीस. डबा खाताना सांगितलंस,
तोंडात घास असताना.
तेच लिहायचं होतं.

मग ऐक. एकदा नुसतं, भांडी घासता घासता.
एकदा हेडफोन लावून, दिवा घालवून.
एकदा आईच्या गाडीत, बोगद्यातून जाताना,
जिथे शब्द बुडतात आणि बास तेवढा उरतो.
त्याआधी मत देणं
म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला.

विशेषण सुचलं की थांब, त्याला विचार: कुठे?
दुसऱ्या गाण्यात, दोन मिनिटं अकरा सेकंदांवर
खुर्ची करकरते. त्यांनी ती काढली नाही.
का ठेवली असेल, यावर एक अख्खा परिच्छेद होतो.
चौथ्यात गाणारी श्वास घेते
ओळीच्या ऐन मधोमध, घ्यायचा नसतो तिथे.
मला ते खटकतं. तुला आवडलं तर मला पटवून दे.
माझ्या आवडीला मार्क नाहीत, तुझ्याही नाहीत.
'कारण' लिहिल्यावर पुढे जे येतं
त्याला आहेत.

ड्रमबद्दल एकच ओळ: 'ड्रम बरे आहेत.'
वाजवणाऱ्याचं नाव नाही.
अगं, तेरा जणांचा वर्ग, पाच हजारांचं गाव,
ताकाला जाऊन भांडं कुणापासून लपवतेस?
'ब्रान्दुर माझा भाऊ', लिहून टाक,
वाचणाऱ्याला कळू दे तू कुठल्या खिडकीतून बघतेस.
आणि मग त्याच्या चुका मोज.
सातव्यात तो फार घाई करतो.
घरचा जिनाही असाच उतरायचा का?

नववं गाणं.
तू आठवरच थांबलीस. मी दोनदा कागद उलटून पाहिला.
नवव्यात ड्रम नाहीत, मला माहीत आहे.
नोव्हेंबर, ती बोट, न परतलेले दोघे,
सगळं गाव धक्क्यावर उभं होतं,
मीही होते, तुझ्या मागे, दोन हातांवर.
तुझ्या टोपीची लोकर एका बाजूला उसवली होती.
ते लिही असं मी म्हणत नाही.
ते मागितलेलंच नाही.

पण गाणं आहे. चार मिनिटं वीस सेकंद.
उरलेल्यांनी त्याच्या जागी कुणाला बसवलं नाही, यंत्रही नाही.
दर चौथ्या मात्रेला किंचित थबकतात,
दारात कुणाला आधी जाऊ देताना थांबावं तसं.
एवढं मला ऐकू आलं, बाहेरच्या माणसाला.
तुला काय ऐकू येतं, दोन वाक्यांत लिही.
नाहीतर लिही: नववं मी ऐकलेलं नाही.
समीक्षेत हे वाक्य चालतं.
मी मार्क कापणार नाही.

शब्दमर्यादा चारशे. मुदत गुरुवार,
धुक्याने फेरी अडली आणि शाळा बंद राहिली तर शुक्रवार.
तारे खोड. जोर देऊ नकोस, कागद पातळ आहे.
आणि गोदामाच्या मालकाचं आडनाव एकदा तपास,
त्यात एक अक्षर चुकलंय.