तालीम

ओडेसा टिलरीबाईंचा उजवा खांदा
नव्वद अंशांच्या वर जात नाही.
दर मंगळवारी मी त्यांच्याकडे जाते, उत्तर नॅशव्हिलला.
गरम पिशवी, मग मोजत मोजत उचलायचा हात.
फॉर्म भरताना विचारलं होतं, कधी दुखावला?
"साठ साली. दुकानात नाही हं,
त्याआधी, तालमीत."

चर्चचं तळघर. घडीच्या खुर्च्यांची रांग,
तोच हॉटेलातला ओटा समजायचा.
काहींनी बसायचं. काहींनी गोरं व्हायचं.
"लेम्युएल गोरा झाला. आमच्याच गल्लीतला, तोतरा.
माझ्या मानेवर धूर सोडायचा,
केसांत साखर ओतायचा,
मग खुर्चीच ओढायचा खालून.
पडायचंही शिकवलेलं : गुडघे पोटाशी,
हात मानेमागे, डोळे मात्र उघडे,
त्याच्या डोळ्यांत.
पहिल्या दिवशी त्याला शिवी देता येईना.
चौथ्या दिवशी दिली, आणि अडखळला नाही.
जिन्यात बसून रडला नंतर.
म्हणाला, किती सोपं आहे गं हे, ओडेसा."

मला आईचा शब्द आठवला : सोस.
लग्नाच्या आदल्या रात्री तिनं तो
बॅगेत साड्यांखाली ठेवला होता.
टिलरीबाईंना सांगून पाहिला. इंग्रजीत नीट बसेना.

"छे, पोरी. सोसणारी घरी बसते.
मी बोलावणं नसताना जाऊन बसले,
इस्त्रीचा फ्रॉक घालून, कॉफीचे सुटे पैसे मुठीत.
ज्यानं पाडलं, त्याच्या शर्टाची बटणं
एक काज चुकून लावलेली.
मनात आलं, सकाळी घरात कुणी बघितलं नाही याच्याकडे?
त्याला थांबायला जागा ठेवायची होती.
मी हात उगारला असता,
तर ती जागा माझ्याच हातानं भरली असती."

थांबला?

"कुठला थांबतोय!" त्या हसल्या, खांदा हलला, कळवळल्या.
"गाव थांबलं. मे महिन्यात कॉफी मिळाली.
पाणचट होती."

मग म्हणाल्या, तुझ्या आईच्या शब्दाला
उलटा शब्द नाही का तुमच्यात?

आहे एक.
सातवीच्या पुस्तकात होता.
पाच गुणांची टीप यायची त्याच्यावर,
मी पाठ करून पुरे गुण मिळवले होते.

हे नाही सांगितलं त्यांना.
कोपर धरलं.
एक्क्याण्णव.
थोडं अजून, बाई.